पाठ सपाट आली पाहिजे

घडीचा चाकू घरी करतो म्हटले की समोरचा आधी पात्याचे विचारतो. पोलाद कुठले, धार किती टिकते, कागद उभा कापतो का. प्रश्न गैर नाहीत, पण ते सुरीचे प्रश्न आहेत. सुरीत पाते साधले की काम झाले. घडीच्या चाकूत पाते हा अनेक भागांपैकी एक, आणि खरे सांगायचे तर त्यातल्या त्यात सोपा भाग. अवघड असतो तो सांधा. उघडताना नखाला किती जोर लागतो, उघडल्यावर पाते डावीउजवीकडे हलते का, मिटताना मुठीच्या मधोमध बसते की एका बाजूला घासते, पाठीवरून अंगठा फिरवला तर तो कुठे अडतो का, यावर चाकूची परीक्षा होते. हे पुस्तक सांध्यापासून सुरू होते आणि धार लावण्याकडे शेवटच्या प्रकरणात येते. प्रस्तावना लिहायला मी लगेच हो म्हटले ते या क्रमामुळे. माझे आयुष्य टूलरूममध्ये गेले. धारेपेक्षा फिटिंगवर माझे प्रेम अधिक, हे वाचकांनी आधीच गृहीत धरावे.

पुस्तकात जो चाकू निवडला आहे त्याला स्लिपजॉइंट म्हणतात. त्याच्या पात्याला कुलूप नसते. मुठीच्या पाठीत पोलादाची एक कमान बसवलेली असते आणि तिचे मोकळे टोक पात्याच्या बुडावर कायम दाबून राहते. पाते फिरवू लागले की बुडाचा कोपरा कमानीला उचलतो. पुढची सपाट बाजू खाली आली की कमान पुन्हा बसते आणि ‘टक्’ असा आवाज येतो. चांगल्या चाकूचा हा आवाज कोरडा आणि आखूड असतो. इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण ‘स्प्रिंगचा चाकू’ म्हटले की आपल्याकडे लोकांच्या भुवया वर जातात. खटक्याच्या चाकूतली स्प्रिंग पाते बाहेर फेकते. या चाकूतली कमान उलट काम करते, ती पात्याला आहे तिथे धरून ठेवते. पाते उघडायला दोन्ही हात लागतात. मारामारीच्या दृष्टीने हे अवजार अगदीच कुचकामी आहे.

भुवया वर जातात त्याचे कारण अर्थात रामपूर आणि हिंदी सिनेमा. उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या कारागिरांनी पितळी मुठीचा, लांब पात्याचा घडीचा चाकू नावारूपाला आणला आणि सिनेमाने तो गुंडाच्या हातात दिला. १९६५ च्या ‘वक्त’मध्ये राजकुमारने चाकू हातात घेऊन जो संवाद म्हटला, त्यानंतर सभ्य घरात या वस्तूचे नाव काढणे कठीण झाले. रामपूरचा धंदा नंतर बसला. २०२३ मध्ये तिथल्या चौकात २० फुटी चाकूची प्रतिकृती उभारली गेली. जिवंत कारागिरीची दुकाने कमी होत असताना तिचे स्मारक उभे राहावे, याला काय म्हणायचे ते ज्याचे त्याने ठरवावे.

सिनेमाच्या आधीही आपल्या घरांत मिटणारी पाती होतीच. न्हाव्याचा वस्तरा हा घडीचा चाकूच: दोन पट्ट्या, एक रिव्हेट, मध्ये पाते, कमान नाही, नुसते घर्षण. बोरूने लिहिणाऱ्यांच्या काळात लेखणीचे टोक छाटायला लहान चाकू जवळ लागे. आणि पानाच्या डब्यातला अडकित्ता? तो चाकू नव्हे, पण एका रिव्हेटवर दोन पोलादी पाती घट्टही राहिली पाहिजेत आणि सहज फिरलीही पाहिजेत, ही अट त्याला वर्षानुवर्षे लागू आहे. ढिला झालेला अडकित्ता दगडावर ठेवून रिव्हेटच्या डोक्यावर दोन हलके ठोके मारणारी आजी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या पुस्तकातले रिव्हेटचे प्रकरण परके वाटणार नाही. ठोका कमी पडला तर सुपारी निसटते, जास्त पडला तर अडकित्ता उघडत नाही. चाकूचेही तसेच.

जगात या वस्तूचा इतिहास फार मागे जातो. ऑस्ट्रियातल्या हालस्टाट इथल्या लोहयुगीन अवशेषांत हाडाच्या मुठीचा मिटणारा चाकू सापडला आहे आणि रोमन लोकांकडे तर असे चाकू सर्रास होते. पण आज आपण ज्याला खिशातला चाकू म्हणतो त्याचे माहेर इंग्लंडमधले शेफिल्ड. चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसरच्या एका पात्राजवळ शेफिल्डचा चाकू आहे. १६२४ मध्ये तिथल्या चाकू-कात्री करणाऱ्यांची कंपनी पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाली. मोठ्या कारखान्यांच्या जोडीने तिथे ‘लिटल मेस्टर’ नावाची जमात नांदली. एखादी खोली भाड्याने घ्यायची, एक-दोन माणसे हाताशी धरायची आणि कामाचा एकच टप्पा आयुष्यभर करायचा. कुणी घडाई, कुणी घासाई, कुणी जुळणी. स्टॅन शॉ हा त्या परंपरेतल्या अखेरच्या मोठ्या कारागिरांपैकी एक. १९२६ चा जन्म, चौदाव्या वर्षी कामाला लागला आणि २०२१ मध्ये वारला. त्याचे वेगळेपण असे की पाते, कमान, मूठ, जुळणी हे सगळे तो स्वतः करत असे. घरच्या बाकावर चाकू करू पाहणाऱ्याने डोळ्यापुढे ठेवावा असा हा माणूस, कारण घरी सगळे टप्पे एकट्यालाच करायचे असतात.

दुसरे टोक पाहायचे तर फ्रान्समधल्या साव्वाचा ओपिनेल घ्या. जोसेफ ओपिनेलने तो १८९० मध्ये केला. लाकडाची गोल मूठ, तिच्यात करवतीने पाडलेली चीर, एक पाते, एक पिन, एक लोखंडी पट्टा. पाते अडकवणारे फिरते कडे १९५५ मध्ये आले. तेवढ्यावर तो आजही जगभर विकला जातो. जपानमधला हिगोनोकामी त्याहूनही साधा: दुमडलेल्या पत्र्याची मूठ आणि अंगठ्याने दाबायला पात्याचे बाहेर आलेले शेपूट. तिथली शाळकरी पोरे त्याने पेन्सिली तासत. १९६० मध्ये एका राजकीय नेत्याची भर सभेत पात्याने हत्या झाली, मुलांच्या हातातून चाकू काढून घेण्याची मोहीम निघाली आणि हा चाकू दप्तरांतून गेला. पुस्तकाचा पहिला प्रकल्प याच धाटणीचा, म्हणजे बिनकमानीचा आहे, आणि लेखकाचा तो निर्णय मला पूर्ण पटतो. सांधा काय चीज आहे ते कमान मध्ये न आणता आधी कळावे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. घरी हे जमते का? जमते, आणि त्याला यंत्रे लागतात ही समजूत चुकीची आहे. परदेशी व्हिडिओंमधला दोन इंची पट्ट्याचा ग्राइंडर बघून आपली मुले नाउमेद होतात. ग्राइंडरने वेळ वाचतो, एवढेच. ज्या जागी चाकू साधतो किंवा बिघडतो त्या जागी शेफिल्डमध्येही कानसच चालत होती. चांगला व्हाईस, बाकावरचे ड्रिल, तीन-चार कानशी आणि निडल कानशींचा संच, रीमर, व्हर्नियर, सपाटी पाहायला जाड काचेचा तुकडा, आणि शक्य असल्यास एक डायल गेज. एवढे सामान महाराष्ट्रातल्या किती घरांत आधीच पडलेले असेल याचा विचार करा. आयटीआयच्या फिटर ट्रेडला पहिले काही महिने एम.एस.चा ठोकळा सपाट आणि काटकोनात घासण्यात जातात. मग एकात एक बसणाऱ्या जोड्या. प्रकाशापुढे धरल्या तर मधून उजेड दिसता कामा नये. पिंपरी-चिंचवड, कोल्हापूर, नाशिकमधून अशी हजारो माणसे निवृत्त झाली आहेत. त्यांच्या हाताला आता काम नाही आणि घडीच्या चाकूला नेमका तोच हात हवा आहे.

कमान बसवण्याचे प्रकरण पुस्तकात सगळ्यात मोठे आहे आणि तसेच ते हवे होते. त्यात काय घडते ते थोडे सविस्तर सांगतो, कारण पहिल्या वाचनात ते निसटण्याची भीती आहे. पात्याच्या बुडाला तीन बाजू असतात. पाते उघडे असताना पाठीकडची बाजू कमानीखाली येते, अर्धे उघडे असताना मागची, मिटले की पोटाकडची. फिरण्याच्या पिनचा मध्य धरला तर तिथून या तिन्ही बाजूंचे अंतर तंतोतंत सारखे असायला हवे. नसेल तर कमान एका स्थितीत मुठीच्या पाठीच्या वर येईल, दुसरीत आत जाईल. ०.०५ मिलिमीटरची पायरीसुद्धा नखाला स्पष्ट लागते. चाकूची जुळणी तात्पुरत्या सैल पिनांवर करायची, डायल गेजचे टोक कमानीवर ठेवायचे, पाते उघडायचे, आकडा पाहायचा. मिटायचे, आकडा पाहायचा. जिथे कमान वर उचलली जाते ती बाजू घासायची. घासायची म्हणजे स्मूथ कानशीचा एक हात, दुसरा हात मारण्याआधी पुन्हा जुळणी आणि पुन्हा माप. सगळ्यात खालची जी बाजू असेल तिच्यापर्यंत बाकीच्या दोन आणायच्या. खाली गेलेली बाजू वर आणण्याची सोय देवाने ठेवलेली नाही. तिन्ही आकडे जुळले की मगच सगळे एकत्र धरून पाठ एका पातळीत घासून टाकायची. कमान बुडावर नेमकी कुठे टेकते ते दिसत नसेल तर ब्लू (खुणेचा निळा रंग) लावावा. टूलरूमच्या माणसाला हे सांगावे लागणार नाही, बाकीच्यांनी पुस्तकातले छायाचित्र पाहावे.

याच प्रकरणात कमानीचा ताण येतो. कमान मोकळी असताना बुडाच्या जागेपेक्षा थोडी खाली यावी अशी मधल्या पिनची भोके पाडतात. जुळणी करताना ती दोन-तीन मिलिमीटर दाबून बसवावी लागते. ताण कमी पडला तर पाते खिशात आपोआप उघडेल, जास्त झाला तर नख तुटेल. लेखकाने कमान मधल्या पिनपासून पात्याकडे निमुळती घासायला सांगितली आहे, आणि हे न टाळण्याचे काम आहे. सारख्या जाडीची कमान एकाच जागी वाकते आणि पुढेमागे तिथेच मोडते.

पाते आणि कमान दोन्ही एकाच पट्टीतून कापायची आहेत. पट्टी ओएचएनएसची, अडीच मिलिमीटर जाडीची. भोसरी, अंबड किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात हे नाव घेतले की दुकानदार पुढचे काही न विचारता पट्टी काढून देतो. परदेशी पुस्तकांत ज्याला ओ-१ म्हणतात तेच हे पोलाद, ०.९ टक्क्याच्या आसपास कार्बन असलेले, तेलात कडक होणारे. गाडीच्या जुन्या पाट्यापासून चाकू करण्याचीही एक पद्धत परिशिष्टात दिली आहे. तिच्याबद्दल माझे आणि लेखकाचे एकमत नाही. पाट्याचे पोलाद वाईट नसते, पण रस्त्यावर वर्षे काढलेल्या पाट्यात न दिसणारी चीर असू शकते, आणि नवख्याला त्याची रासायनिक जात ओळखता येत नाही. तासन् तास घासलेली कमान पाणी देताना तडकली तर दोष कुणाचा हेसुद्धा कळत नाही. पहिला चाकू माहीत असलेल्या पोलादाचाच करावा. भंगाराचा उत्साह नंतर.

पाणी देण्याच्या भागात पुस्तक नेमके आहे. विटांची लहान भट्टी, गॅसचा टॉर्च, अंधारी खोली आणि तारेला बांधलेले चुंबक. सुमारे ७७० अंशांना पोलादाला चुंबक चिकटेनासे होते. त्याहून थोडे पुढे, ८०० च्या आसपास, रंग पिकल्या चेरीसारखा झाला की कोमट तेलात सरळ, टोक खाली करून बुडवायचे. आडवे बुडवले की पाते वाकलेच. थंड झाल्यावर कोपऱ्यावर कानस फिरवायची. ती काचेवरून घसरावी तशी घसरली तर काम झाले. इथपर्यंत पाते आणि कमान यांचा प्रवास एकच. पुढे तो फाटतो. पाते २०० अंशांवर दोनदा भाजायचे. त्यावर फिकट गव्हाळ रंग येतो आणि ते धार धरण्याइतके कठीण राहते. कमान त्याहून खूप पुढे, ३०० च्या वर, निळा रंग येईपर्यंत न्यायची, म्हणजे ती वाकून परत येईल. एकाच पट्टीचे दोन तुकडे, पण एकाने वाकायचे नाही आणि दुसऱ्याने लाखभर वेळा वाकायचे. रंगावर विसंबायचे असेल तर पृष्ठभाग आधी चकचकीत करून घ्यावा, नाहीतर गव्हाळ कुठला आणि तपकिरी कुठला हे दिसत नाही. पात्यासाठी स्वयंपाकघरातला ओटीजी चालतो. घरातल्यांची परवानगी मात्र स्वतंत्रपणे घ्यावी. तेलाचा वास दोन दिवस केकला येतो.

जुळणीतली एक गोष्ट मला नेहमीच जादूसारखी वाटत आली आहे. मुठीच्या दोन्ही टोकांना जर्मन सिल्व्हरचे बोलस्टर असतात (त्यात चांदी फक्त नावात, बाकी तांबे, निकेल आणि जस्त). फिरण्याची पिनही त्याच धातूची घ्यायची. बोलस्टरमधल्या भोकाला बाहेरच्या बाजूने निमुळत्या रीमरने किंचित फाकवायचे. अस्तराची (मुठीच्या आतल्या बाजूची) पट्टी आणि पाते यांच्यात ०.०५ मिलिमीटरची शिम सरकवून पिनचे डोके गोल तोंडाच्या हातोडीने हलके-हलके ठोकायचे. धातू पसरतो, फाकवलेले भोक भरून टाकतो. शिम ओढून काढली की पात्याला फिरायला तेवढीच जागा उरते. मग वर आलेले डोके कानशीने साफ करून ४०० आणि ६०० नंबरच्या पेपरने घासायचे. पिन कुठे होती ते भिंगाने पाहिले तरी सापडू नये. बारीक काळे वर्तुळ दिसत असेल तर भोक पुरते भरलेले नाही. तयार मिळणाऱ्या किटमध्ये या जागी स्क्रू असतो. स्क्रू वाईट नाही, उलट दुरुस्तीला सोपा, आणि ज्यांना पाते व मूठ एवढ्यातच रस आहे त्यांनी किट जरूर घ्यावे. पण त्यात भोके, कमान, माप सगळे कारखान्याने करून दिलेले असते. त्याला जुळणी म्हणावे, चाकू करणे म्हणू नये.

मुठीच्या फळ्यांबद्दल फार लिहीत नाही. शिसवी उत्तम, म्हशीचे शिंगही छान पॉलिश घेते. सांबरशिंगाच्या मुठी जुन्या इंग्रजी चाकूंवर दिसतात, त्यांच्या मोहात पडू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे जंगलात गळून पडलेल्या शिंगांचाही व्यापार करता येत नाही. शिंग, लाकूड, पोलाद काहीही घासताना तोंडावर चांगला मास्क हवा, रुमाल नको. एकोणिसाव्या शतकात शेफिल्डमधले कोरडी घासाई करणारे कामगार फुप्फुसे धुळीने भरून ऐन तारुण्यात मरत. तेलाच्या डब्याला घट्ट झाकण हवे आणि भट्टी उघड्यावर. ड्रिलखाली पट्टी हाताने धरायची नाही, कधीच नाही.

कायद्याचे एक लहान प्रकरण आहे, ते वगळून पुढे जाऊ नका. शस्त्र कायद्याखालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या शस्त्रांचा समावेश आहे. घरगुती आणि शेतीच्या वापराची अवजारे त्यातून वगळली आहेत. पुस्तकातल्या चाकूचे पाते तीन इंचांच्याही आत आहे. तरी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदी-शस्त्रबंदीचा आदेश असेल तेव्हा चाकू घेऊन हिंडणे अंगाशी येऊ शकते, आणि विमानाच्या केबिनमध्ये तर तो कधीच नेता येत नाही. खटक्याचा चाकू कसा करायचा हे या पुस्तकात नाही. काही जण ते विचारायला लेखकाकडे जातीलच. त्यांना तिथून परत पाठवले जाईल.

पुस्तकात उणिवा नाहीत असे नाही. कानस कशी धरायची यावर दोनच पाने आहेत, तिथे दहा हवी होती. ज्याने कधी कानस चालवली नाही त्याची पाती आधी पिंपासारखी फुगीर येतात, आणि ती सपाट कशी करायची हे वाचून कळत नाही. अशा वाचकाने शेजारपाजारी एखादा जुना फिटर शोधावा. त्याला चहा पाजावा, एम.एस.चा तुकडा पुढे ठेवावा आणि त्याच्या खांद्यांकडे, कोपरांकडे बघावे. दोन रविवारांत फरक दिसेल. शाळेतल्या मुलांना हे शिकवायचे असेल तर पालक शेजारी उभा हवा, आणि सुरुवात बिनकमानीच्या चाकूने, तीही धार न लावता.

शेवटची सूचना खर्चाची आहे. पट्टी, पिना, रीमर यांच्यावर पैसे घालण्याआधी दुसऱ्या प्रकरणातला आराखडा जाड पुठ्ठ्यावर उतरवा, पाते, कमान आणि अस्तराची पट्टी कापा आणि तीन ड्रॉइंग पिनांवर फिरवून पाहा. पाते मिटल्यावर टोक बाहेर राहते का, धार कमानीवर आपटते का, तिन्ही स्थितींत कमान एकाच रेषेत येते का, हे सगळे पुठ्ठ्यावरच दिसते. आकार तिथेच दुरुस्त करा. पुठ्ठ्याचा चाकू नीट मिटू लागला की मगच भोसरीला जा.